रेवतीची गच्ची सोडून

२ मार्च २०२५, रविवार

निवृत्त झाल्यावर डायरी लिहायची नाही असं मी ठरवलं होतं. निवृत्त माणसांच्या डायरीत असतं काय? रक्तदाब आणि दूधवाला. पण आज कारण घडलं, म्हणून सुबोधला बँकेने दिलेली कोरी डायरी ढापली. नवऱ्याची डायरी ढापणं हा गुन्हा नाही.

तर कारण असं. आमच्या बोरीवली पूर्वेला, पार नॅशनल पार्कच्या भिंतीपाशी, मधुकर सामंतांची अभ्यासिका आहे. पत्र्याचं छप्पर, लांबलचक टेबलं, भिंतीवर ‘बोलू नका’ अशी पाटी आणि तिच्याखाली बसून सतत बोलणारे सामंत. ज्यांच्या घरात मांडी घालून बसायला कोपरा नाही ती मुलं तिथे स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतात. जानेवारीत रस्ता काँक्रीटचा करायला खणला आणि इंटरनेटची केबल तुटली. नवीन टाकायला परत खणावं लागणार, आणि त्याची परवानगी पावसाळ्यानंतर. डोंगराच्या आड मोबाईलची रेंजही धड नाही. हल्ली सराव परीक्षा सगळ्या ऑनलाइन, त्यामुळे निम्मी मुलं पांगली. आता हॉल ज्यांचा ते ट्रस्टवाले म्हणतात, पाडव्यापर्यंत नेट आलं नाही तर एप्रिलपासून हॉल झुंबाच्या क्लासला देऊन टाकू.

सामंत आज घरी आले, चहा प्यायले आणि रडायचेच काय ते बाकी राहिले. “क्षमाताई, तुम्ही टेलिफोनमध्ये होतात ना? काहीतरी करा हो.”

टेलिफोनमध्ये होते म्हणजे नियोजन विभागात होते. कुठली ऑप्टिकल फायबर कुठून कुठे न्यायची, याचे नकाशे उभी नोकरी काढले. टाकणारे वेगळे, चालू करणारे वेगळे, नारळ फोडणारे तर फारच वेगळे. मी आखलेल्या एकाही जाळ्यातून पहिला उजेड पलीकडे पोचताना मी पाहिलेला नाही. मला कुणी बोलावलंच नाही.

सामंत गेल्यावर सुबोधला म्हटलं, “खाली खणता येत नसेल तर वरून न्यायचं.”

“केबल? गच्च्यागच्च्यांवरून?”

“केबल कशाला? नुसता उजेड.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो एफडी मोडायला आलेल्या लोकांकडे पाहायचा.

५ मार्च, बुधवार

मिहिर येऊन गेला. माझा भाचा, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्यांच्या प्रयोगशाळेत तसले डबे पडून आहेत, आणि हे काम त्याने कॉलेजचा प्रकल्प म्हणून दाखवून परवानगीही काढली आहे. एका डब्यातून लेसरचा किरण निघतो, डोळ्यांना न दिसणारा. दूरच्या गच्चीवरचा डबा तो झेलतो. दोन्ही डब्यांना एकमेकांची तोंडं दिसली पाहिजेत, एवढीच अट. दिसत नसतील तर मधल्या एखाद्या गच्चीवर तो झेलायचा आणि तिथल्या दुसऱ्या डब्याने पुढे फेकायचा. सुबोधला कळावं म्हणून मी त्याला ‘उडी’ म्हणते.

खरी गंमत उड्या ठरवण्यात आहे. उड्या जितक्या जास्त तितके डबे जास्त, वीज जास्त, बिघडायच्या जागा जास्त. पण उड्या कमी करायला जावं तर एकेक उडी लांबते आणि मग धुळीत उजेड दमतो. या दोन्हींचा मेळ घालणं म्हणजे डिझाइन. बाकी सगळी हमाली.

आमच्या बाजूची केबल शाबूत आहे, म्हणून नेट आमच्या घरून न्यायचं. पण आमच्या गच्चीवरून अभ्यासिका दिसत नाही, मधे तो नवा टॉवर उभा आहे. मी टेबलावर नकाशा पसरला. मिहिरने क्षणभरही विचार न करता बोट ठेवलं. “सोपं आहे मावशी. दोन उड्या. इथून आमची गच्ची, तिथून अभ्यासिका.”

“त्या बाजूला बांधकामाची धूळ फार,” मी म्हटलं. “आणि उड्या लांब होतात. मी चार धरल्यात. आपण, मग गुलमोहर बिल्डिंग, मग दत्तकृपा, मग पाण्याची टाकी, मग अभ्यासिका.”

“दुप्पट डबे लागतील.”

“तुझ्याकडे आहेत ना?”

तो हसला. त्याची आई म्हणजे रेवती, माझी सख्खी धाकटी बहीण. आमचं बोलणं नाही. याचा डिझाइनशी काडीचा संबंध नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

जाताना त्याने डब्यातून थालीपिठं ठेवली. म्हणाला, कँटीनची आहेत. चांगली होती. भाजणीत धणे जरा सढळ, आमची आई घालायची तसे. कॉलेजच्या कँटीनचा दर्जा सुधारलेला दिसतो.

८ मार्च, शनिवार

गच्चीवर डबा बसवला. डब्याला छोटी दुर्बीण आहे, समोरचा डबा शोधायला. गुलमोहरचे सेक्रेटरी तयार, दत्तकृपाचे तयार. दत्तकृपाचे दशरथ तावडे मालवणकडचे. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला, “ह्येच्यान आमचे कावळे मरतले नाय मां?” नाही म्हटल्यावर लगेच सही केली. देखभालही फार नाही. लेन्स पंधरवड्यातून एकदा मऊ फडक्याने पुसली की पुरे.

दुर्बीण हाताशी होती म्हणून सगळीकडची पाहणी केली. रेवतीच्या गच्चीचीही केली, कारण नियोजनात टाळलेल्या मार्गाची नोंद ठेवावी लागते. नोंद अशी: गच्चीच्या मधोमध कपड्यांची दोरी. तिच्यावर दोन साड्या आणि एक चादर. म्हणजे किरण अडणार. मार्ग बाद केला ते योग्यच झालं. ती वाळत घालत होती. बारीक झाली आहे.

११ मार्च, मंगळवार

सामंतांना मी सांगून टाकलं की नेट पाडव्याच्या दिवशीच सुरू करायचं. ते म्हणाले, “आधी झालं तर आधी करू या की!” पण साडेतीन मुहूर्तांतला एक सोडून भलत्याच शुक्रवारी का म्हणून? उभ्या नोकरीत मला एक उद्घाटन मिळालं नाही. हे मिळतंय तर मुहूर्तावर मिळू दे. ट्रस्टच्या लोकांनाही त्याच दिवशी दहा वाजता बोलावलं आहे.

सुबोध म्हणाला, “साडी कुठली?” मी म्हटलं, “मोरपंखी.” म्हणजे मनात ठरलं होतंच.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. पोरांनी आमच्या गच्चीवरून फुगे मारले, एक डब्यावर फुटला. डबा गुलाबी झाला पण चालतोय.

आज मात्र माकडं. पार्कातून दर उन्हाळ्यात येतात तशी टोळी आली. पाण्याच्या टाकीवरच्या डब्यावर एक थोरला नर बसला आणि उठेचना. सामंत खालून काठी आपटत होते, तो वरून त्यांच्याकडे बघत होता. अभ्यासिकेतली ऋतिका, तहसीलदार व्हायची तयारी करणारी मुलगी, शांतपणे म्हणाली, “काका, त्यालाही कुणीतरी अभ्यासाला पाठवलंय, बसू द्या.” मी इतकी हसले की कठड्याला धरून उभी राहिले. टाकीवर आता जाळी बसवतोय.

ऋतिका सध्या सराव परीक्षेसाठी स्टेशनजवळच्या मावशीकडे जाते आणि त्यांच्या जिन्यात बसून पेपर सोडवते. “हॉल गेला तर?” मी विचारलं. “मग जिना,” ती म्हणाली. मला तिचं ते उत्तर आवडलं नाही. म्हणजे उत्तर छान होतं, जिना आवडला नाही.

अजून एक नोंद: रेवतीच्या गच्चीवरची कपड्यांची दोरी नाहीशी झाली आहे. उन्हाळ्याआधीची आवराआवर असणार.

तरी तो मार्ग बादच, कारण गच्चीच्या कोपऱ्यात टीव्हीची जुनी छत्री आहे आणि ती बरोब्बर किरणाच्या वाटेत येते.

१९ मार्च, बुधवार

तीन उड्या जुळल्या. डबे जुळवणं हे सुईत दोरा ओवण्यासारखं काम आहे. दुर्बिणीतून समोरचा डबा धरायचा, मग स्क्रू केसभर फिरवायचा, मग पडद्यावरचा आकडा चढतो का बघायचं. सुबोध एका गच्चीवर, मी दुसऱ्या, कानाला फोन. “डावीकडे. अरे माझ्या डावीकडे.” “तुझी डावी मला इथून कशी दिसणार?” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं बोलणं आमचं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

रेवतीच्या गच्चीवरची छत्री गेली. एक माणूस शिडी घेऊन आला होता. त्याने छत्री उतरवली आणि जाताना कठड्याजवळ विजेचा प्लग बसवून गेला, वर झाकण असलेला, पावसात चालेल असा. गच्चीवर प्लग कशाला? या बाईचा खर्च कायमच असा. ती संध्याकाळी पाचच्या सुमाराला वर येते आणि डोळ्यांवर हात धरून आमच्या बाजूला बघत उभी राहते. ऊन खात असावी.

मिहिरने कँटीनचा मुरांबा आणला.

२३ मार्च, रविवार

सुबोधने आज विषय काढलाच. “क्षमा, एक विचारू? त्या भांडणाचं नक्की कारण काय होतं गं?”

“तुला माहीत आहे.”

“मला एवढंच माहीत आहे की एक गडू होता.”

होता. आईचा तांब्याचा गडू, गुढीवर पालथा घालायचा. आई गेली त्या वर्षी रेवती म्हणाली, “ताई, यंदा माझ्याकडे राहू दे.” मी म्हटलं, थोरल्या मुलीकडे जातो. ती म्हणाली, “तू घरातसुद्धा नियोजन विभाग चालवतेस.” मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून दोघींच्या घरच्या दोन गुढ्या. माझ्या गुढीवर स्टीलचा तांब्या असतो. चालतो. देवाला धातू कळत असेल असं मला वाटत नाही.

ती मात्र दर वर्षी गच्चीवर उभारते, उंच, कठड्याला बांधून. आमच्या गॅलरीतून दिसते. गडू लखलखतो.

२८ मार्च, शुक्रवार

पोचला! पोचला, पोचला!

संध्याकाळी चौथी उडी जुळली. अभ्यासिकेत मिहिरने लॅपटॉप उघडला आणि पान झर्रकन उघडलं. खाली ना रस्ता खणला, ना खणायची परवानगी मागितली. उजेड आमच्या गच्चीवरून निघाला, चार उड्या मारल्या आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरला. सामंत ‘बोलू नका’च्या पाटीखाली ओरडले, “झकास!”

मी मुलांना सांगितलं, आज नुसती चाचणी, खरं उद्घाटन रविवारी. आणि बंद केलं. ऋतिकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मुहूर्त म्हणजे मुहूर्त. मला खूप, खूप आनंद झालाय. जेवताना सुबोधला चारही उड्या वाटीचमच्यांनी परत मांडून दाखवल्या.

३० मार्च, रविवार. पाडवा

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी उठून आमची गुढी उभारली. साडी, गाठी, कडुलिंब, स्टीलचा तांब्या. मोरपंखी नेसले. आठ वाजता गच्चीवर जाऊन चालू केलं आणि पडद्यावर शून्य. आमच्यापासून गुलमोहर ठीक. गुलमोहरपासून दत्तकृपा, शून्य. दुर्बीण दत्तकृपाकडे वळवली तर समोर जरीचा काठ.

दत्तकृपाची दुरुस्ती चालू आहे, सगळ्या गॅलऱ्यांना हिरवी जाळी. त्यामुळे तिथल्या घराघरांनी यंदा गुढ्या गच्चीवर नेल्या. कठड्याला ओळीने काठ्या, रेशमी साड्या, वर तांबे, वाऱ्यावर सगळं डुलतंय. इतकं देखणं की क्षणभर मी शून्य विसरले. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. बाकी कुठलाही दिवस चालला असता. मी नेमका असा दिवस निवडला, ज्या दिवशी अख्खी बोरीवली उंच काठ्या उभ्या करते. आणि हे मला माझ्याच घरची गुढी बांधतानाही सुचलं नाही! वाट लागली म्हणजे काय ते मला आज कळलं.

तावड्यांना फोन केला. एखादी गुढी जरा बाजूला, असं म्हणेपर्यंत त्यांनी मला थांबवलं. “ताई, तुमका काय व्हया ता सांगा, जेवण पाठवतंय. पण पूजा झाली. आता सूर्य मावळल्याशिवाय गुढीक हात कोण लावतलो?”

बरोबरच होतं. मीही लावला नसता.

दहाला ट्रस्टची माणसं येणार. मी गच्चीवर मोरपंखी साडीत मट्कन खाली बसले. मिहिर शेजारी उकिडवा बसला. सुबोधने पाण्याची बाटली पुढे केली.

“मावशी,” मिहिर म्हणाला, “आमची गच्ची मोकळी आहे.”

“पाडव्याला? ती दर वर्षी...”

“मोकळी आहे. बघ तू.”

दुर्बीण वळवली. दोरी नाही, छत्री नाही, गुढी नाही. नुसती स्वच्छ गच्ची आणि कठड्याजवळ एक नवा सिमेंटचा चौथरा, डबा ठेवण्याइतका.

सुबोधला आमच्या डब्यापाशी उभं केलं. मी आणि मिहिर गुलमोहरवरचे दोन डबे काढून रिक्षात घालून निघालो. रिक्षावाल्याने विचारलं, “मॅडम, मिक्सर क्या?” मी हो म्हटलं.

दार उघडंच होतं. रेवती पदर खोचून उभी.

“आलीस?”

“डबे आणलेत,” मी म्हटलं. इतक्या वर्षांनंतर बहिणीशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. सुबोधला सांगितलं तर मरेपर्यंत चिडवेल.

“मग ने की वर. दार उघडून ठेवलंय.”

चौथऱ्यावर डबे ठेवले. उंची अशी, की मी आखून दिली असती तरी याहून नेमकी झाली नसती. मिहिरकडे बघितलं तर तो आभाळाकडे बघत होता. त्याला अभ्यासिकेतल्या डब्याकडे पिटाळलं.

“हा प्लग कशाला बसवलास?” मी विचारलं.

“पापडांना.”

“पापड उन्हात वाळवतात, प्लगवर नाही.”

“तुला काय करायचंय गं? पिन लाव ना!”

लावली. उन्हात पडदा दिसेना, तर तिने छत्री आणली आणि माझ्या डोक्यावर धरून उभी राहिली. मी स्क्रू फिरवत होते, सुबोध फोनवर “डावीकडे?” विचारत होता आणि रेवती त्याला माझ्या आधी उत्तर देत होती. “भावोजी, तुमच्या उजवीकडे. थोडं. अजून थोडं. थांबा! गेलं पुढे.” पहिली उडी जुळली. दुसऱ्या उडीच्या वेळी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेताना तिचा खांदा दुखतोय हे मला दिसलं, पण तिने छत्री हलू दिली नाही.

आकडा चढला. आधी हळूहळू, मग एकदम. फोनमधून सामंतांचा आवाज, मुलांचा गलका, कुणीतरी टेबलं बडवत होतं. ऋतिका ओरडली, “मॅडम, आला! आला!” मग म्हणे ट्रस्टच्या अध्यक्षांनी स्वतःच्या मोबाईलवर नातवाला व्हिडिओ कॉल लावला आणि झुंबाचं नावही काढलं नाही.

माझ्या जाळ्याचं खरं उद्घाटन झालं तेव्हा मी अभ्यासिकेत नव्हते. मधल्या उडीवर होते. तिथून काहीसुद्धा दिसत नाही. पण मी होते.

खाली आल्यावर विचारलं, “तुझी गुढी कुठाय?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीला.”

खिडकीला तिरकी बांधलेली, बुटकी काठी. वर आईचा गडू, चिंचेने लख्ख घासलेला. ग्रिलमध्ये साडी पुरती पसरलीही नव्हती.

“दर वर्षी गच्चीवर असते,” मी म्हटलं.

“असते. वर उभारली असती तर तुझा उजेड अडला असता ना.” आणि ती वाटी पुढे करत म्हणाली, “प्रसाद घेतलास?”

सकाळीच घेतला होता. तरी मी ‘नाही घेतला’ म्हटलं. कडुलिंब, गूळ, ओवा. तिच्या हातून खाताना मला रडू आलं, सरळ रडू आलं. ती म्हणाली, “कडू लागला?” मी म्हटलं, “हो.” मग तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने तर प्रसाद खाल्लाही नव्हता.

२ एप्रिल, बुधवार

अभ्यासिका भरली आहे. सामंत म्हणतात, बसायला जागा नाही, म्हणजे ते खूश आहेत. ऋतिकाने आज सराव परीक्षा खुर्चीवर बसून दिली.

मिहिरचा फोन आला. “मावशी, दत्तकृपाच्या गुढ्या उतरल्या. परत तुझ्या चार उड्या लावू या का?”

मी त्याला नीट समजावलं. दोन उड्यांत डबे निम्मे लागतात, वीज कमी लागते, बिघडायच्या जागा कमी. धुळीचा मुद्दा मी फेरतपासला, आकडे पुरेसे आहेत. तेव्हा निव्वळ तांत्रिक कारणांसाठी मार्ग बदलायचा नाही.

मात्र त्या गच्चीवरची लेन्स रोज पुसायला हवी. तो म्हणाला, “पंधरवड्यातून एकदा पुरते असं तूच म्हणाली होतीस.” मी म्हटलं, “शिकवतोस तू, आखते मी.” त्यामुळे रोज संध्याकाळी पाचला मऊ फडकं घेऊन जाते. आज रेवतीने थालीपिठं केली होती. अगदी कँटीनसारखी.

तिने गच्चीवर दोन खुर्च्या आणून ठेवल्या आहेत. मी म्हटलं, किरणाच्या वाटेत येणार नाहीत अशा बेताने ठेव गं.

“मोजूनच ठेवल्यात,” ती म्हणाली.